खाडी ओलांडली कशी

मंगळवारी सकाळी आंबर्डेकरबाई गेल्या. दुपारी मी त्यांच्या डोंबिवलीच्या घराला कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या भावाकडे दिली. टेबलावरचं पंचांग तेवढं मी मागून घेतलं.

बाई युद्धांचा इतिहास शिकवत. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, पुढे त्यांच्याच विभागात शिकवू लागले. वर्गात पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात पंचांग पाहून एका मुलाने विचारलं होतं, "मॅडम, मुहूर्त बघता?"

"हो," बाई म्हणाल्या, "मेलेल्या माणसांचा."

लढाई ज्या तिथीला झाली, त्याच तिथीला तिथे जाऊन ती जागा चालायची, हा त्यांचा नेम होता. त्या दिवशी चांदणं किती होतं, खाडीला पाणी किती होतं, हे तिथीवरून कळतं. आम्ही निबंधात कुणाच्या शौर्याबद्दल लिहिलं की त्या समासात लिहीत, "शूर होते, मान्य. पण पलीकडे गेले कसे?" एका चर्चासत्रात एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "बाई, तुम्ही कधी बंदूक धरली आहे का?" बाई म्हणाल्या, "नाही. तुम्ही?" गृहस्थांनी पाण्याचा पेला उचलला.

त्यांचं नाव झालं ते पहिल्या पुस्तकाने. अठराव्या शतकात एका फौजेने कोलशेतच्या बाजूने ठाण्याची खाडी ओलांडली होती. अमावास्येच्या उधाणात ओहोटीला पाणी खूप मागे जातं. त्या वेळी घोडेस्वार चिखलातून पार झाले, असं बाईंनी मांडलं. पुढची सगळी पुस्तकं त्यांचाच हवाला देऊ लागली.

बाळकुमचे दामूशेठ त्या पुस्तकावर खूश होते. त्यांच्या वाडवडिलांची भातशेती आणि मिठागरं होती तिथे आता टॉवर उभे आहेत. त्या घोडेस्वारांना वाट दाखवणारा आपलाच पूर्वज, असं त्यांच्या घरात सांगत. त्यांनी चौकात घोडेस्वाराचा ओतीव पुतळा बसवायचं ठरवलं आणि अनावरणासाठी बाईंकडे नेमकी तिथी मागितली.

तिथी पुन्हा काढताना बाईंचा हात थांबला. मूळ तारीख एका इंग्रजाच्या पत्रातली होती, आणि इंग्रज त्या काळी जुनं कॅलेंडर वापरत. ते आपल्या आजच्या तारखांच्या मागे होतं. तरुणपणी बाईंनी तो फरक धरलाच नव्हता. आता धरला तर अमावास्येऐवजी शुद्ध दशमी आली. म्हणजे भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

पुढच्या शुद्ध दशमीला आम्ही दोघी ओहोटीच्या वेळी कोलशेतच्या काठावर उभ्या होतो. मधल्या पात्रात पाणी तसंच होतं. "आणि तेव्हा खाडी याहून खोल होती," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बुडालं गं माझं पुस्तक."

मी म्हटलं, "बाई, हे कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"माझ्या आलंय ना? चल, दामूशेठांकडे."

दामूशेठ आधी हसले. "चालत नाय गेली, तं मंग काय उरत गेली फौज?"

"होड्यांतून. त्याच पत्रात गावागावांतून होड्या गोळा केल्याचं आहे. सामानासाठी असतील असं समजून मी ते सोडून दिलं होतं."

"म्याडम, घोरा वतून झाला. तुमचाच पुस्तक वाचून वतला. आता गप रावा ना. कोन इचारतंय?"

"मी विचारतेय."

दामूशेठ चिडले. आमच्या पूर्वजाची इज्जत काढता का, म्हणाले. बाई उठल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "घोडा सरदाराचा होता, दामूशेठ. होड्या तुमच्या माणसांच्या होत्या. त्या नसत्या तर सरदार याच काठावर बसून राहिला असता."

दामूशेठांनी चहा सांगितला.

अनावरणाला बाईंचे जुने सहकारी पहिल्या रांगेत बसले होते. बाई माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "ज्या पुस्तकाने मला नाव मिळालं, त्यातलं तिसरं प्रकरण चुकलं आहे. चूक माझी आहे." मग त्यांनी तारीख, तिथी आणि पाणी, सगळं वर्गात समजावत तसं समजावलं. एक सहकारी माझ्या कानाशी पुटपुटले, "निवृत्तीनंतर हे कशाला?" बाईंची विद्यार्थिनी म्हणून मी इतकी ताठ कधीच बसले नव्हते.

चौकात अजून घोडा आहे. त्याच्या चौथऱ्यावर दामूशेठांनी नंतर दगडात कोरून घेतलेली होडी आहे. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत तिसरं प्रकरण नव्याने लिहिलेलं आहे. पंचांग माझ्या टेबलावर आहे.