पुढे तापते, मागे निवते

मामींच्या स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकायला एक पंखा होता आणि तो धूर आत टाकायचा. मामांनी तो स्वतःच्या हाताने, तोंड आत करून बसवला होता. कांदा परतला की वास आधी झोपायच्या खोलीत शिरायचा, मग उशांमध्ये, आणि पहाटेपर्यंत मामांच्या स्वप्नात.

"अहो, हा उलटा लागलाय," मामी म्हणायच्या.

"उलटा वाटतोय. सवय झाली की सरळ वाटेल."

मामांचा तरी काय दोष? उभा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेला. शिशाची अक्षरं उलटी लावावीत तेव्हा कुठे कागदावर सरळ उमटतात. अशा माणसाला उलट कुठलं आणि सुलट कुठलं हे विचारू नये. दुकानांच्या पाट्या ते गाडीच्या आरशातून झरझर वाचत आणि समोरून वाचताना अडखळत. गल्लीला त्यांचं कौतुक होतं. मामींनाही होतं, पण त्यांना त्याच घरात राहायचं होतं.

तर गोष्ट मामींच्या लायसन्सची. मामींची धाकटी बहीण पुलापलीकडच्या गावात एकटी राहायची. न्हाणीघरात पाय घसरला आणि मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढलं. पाय दुमडत नाही म्हणून बसमध्ये बसवता येईना. तिला मागच्या सीटवर आडवं घालून आपल्या घरी आणायचं, हे मामींनी पक्कं केलं. मामांना मोतीबिंदू. डॉक्टरांनी बजावलेलं, चाकाला हात लावायचा नाही. म्हणून पन्नाशी उलटलेल्या मामी गाडी शिकायला लागल्या.

पहिल्या परीक्षेत मैदानाच्या मधोमध बॉनेटमधून वाफ निघाली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी शेरा मारला, 'उमेदवार ठीक, वाहन उकळते.' आता दुसरी संधी होती. ती हुकली की पुन्हा अर्ज, पुन्हा रांग आणि तोवर बहीण पलंगावर छताशी गप्पा मारत पडलेली. रोज फोन करायची. "ताई, भावोजींची गाडी निवली का गं?"

गाडी काही निवत नव्हती. गॅरेजवाल्याने फुटका रेडिएटर काढून नवा घातला, पाण्याचे पाइप बदलले, पंपही बदलला. इतकं नवं सामान पोटात गेल्यावर खरं तर गाडीने दुवा द्यायचा. ती चौकापर्यंत गेली की तापमानाचा काटा लालात! गॅरेजवाल्याने झाकण उघडून, हीटर लावून आत अडकलेली हवा काढली. गाडीने दोन मोठे ढेकर दिले आणि पुन्हा तापली. मग त्याने थर्मोस्टॅट काढला. इंजिन गरम झालं की पाण्याला वाट करून देणारी ती एक झडप. ती उघडते की नाही हे बघायला मामांनी ती मामींच्या दुधाच्या पातेल्यात उकळली.

"उघडली! अगं, बघ तरी, कळीसारखी उघडली!"

"उघडली ना? मग आता चहा त्याच पातेल्यात करते आणि तुम्हालाच देते."

"रेडिएटरचा पंखा फिरतोय का?" गॅरेजवाला प्रत्येक वेळी विचारायचा.

"गरगर!" मामा सांगायचे. एवढंच विचारून आणि एवढंच सांगून दोघे पुढच्या पार्टकडे वळायचे.

एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी वाळूचा ट्रक रुतला आणि मामींना अख्खी गल्ली रिव्हर्समध्ये परतावं लागलं. दारात पोचल्या आणि बघतात तर काय, काटा खाली. खात्री करायला पुढे गेल्या, काटा वर. मागे आल्या, काटा खाली.

"वय झालंय गाडीचं," मामांनी निदान केलं. "या वयात माणूससुद्धा मागेच जातो. तिला मागे गेलं की बरं वाटतं."

गॅरेजवाला म्हणाला, "मामा, असं नसतं हो." मग स्वतः गाडी मागे नेऊन आला, किल्ली मामांच्या हातात ठेवली आणि त्यानंतर फोन उचलेनासा झाला.

मग काय, मामी रिव्हर्समध्ये शिकल्या. बंद गोदामामागच्या मोकळ्या जागेत त्या मान वळवून तासन्‌तास मागे मागे जायच्या. गाड्यांमागे धावणारी गल्लीतली कुत्री या गाडीमागे धावली, पण गाडीच त्यांच्याकडे तोंड करून पळते आहे हे बघून ओशाळून परतली. शेजारणी विचारायच्या, "मामी, आलात की निघालात?" मामी म्हणायच्या, "ते मलाही पोचल्यावरच कळतं."

परीक्षेच्या दिवशी मैदानावर गाड्यांची रांग लागली होती. इंचाइंचाने पुढे सरकायचं म्हणजे आपला नंबर येईपर्यंत कढ येणार. मामींनी विचार केला, गाडी वळवली आणि रांगेत उलटी लावली. त्यामुळे मागच्या गाडीतला तरुण आणि मामी समोरासमोर आले. तो बिचारा आधी डावीकडे बघायला लागला, मग उजवीकडे, शेवटी त्याने नमस्कार केला. मामी म्हणाल्या, "चालू द्या, बाळ. माझं हे असंच आहे."

तारेच्या कुंपणापलीकडे मामा उभे राहून अभिमानाने सगळ्यांना सांगत होते, "आमची मंडळी हं ती. उलटी उभी आहे ती."

साहेब तरातरा आले. "बाई, गाडी अशी का?"

"पुढे तापते साहेब, मागे निवते."

साहेबांनी हा जबाब कुठल्या रकान्यात बसेल याचा विचार केला. मग नंबर बघायला बॉनेटपुढे वाकले. तेवढ्यात पंखा सुरू झाला. जाळीतून गरम वाऱ्याचा असा झोत आला की टकलावर बेताने पसरलेले साहेबांचे केस उभे राहिले आणि हातातला मामींचा अर्ज उडून त्या तरुणाच्या काचेवर जाऊन चिकटला.

मामींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. हा वारा त्यांच्या ओळखीचा होता. फक्त कांद्याचा वास तेवढा नव्हता. ज्या पंख्याने बाहेरचा वारा आत ओढायचा, तो आतला वारा बाहेर ढकलत होता! पुढे जाताना समोरचा वारा आणि पंखा यांची मारामारी, मागे जाताना दोघांची एकच वाट.

त्या गाडीतून उतरल्या आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो! या पंख्याच्या वायरी कोणी जोडल्या होत्या?"

कुंपणापलीकडचा अभिमान दोन पावलं मागे सरकला.

"गॅरेजवाल्यानेच," मामा म्हणाले.

"नक्की?"

"म्हणजे... तो चहाला गेला होता. प्लग तुटला होता. दोनच तर वायरी होत्या. मी म्हटलं, त्याला कशाला त्रास?"

"आणि त्या दोनच्या दोन उलट्या जोडल्यात!"

"अगं, फिरत तर होता!"

साहेबांनी मामांना आत सोडलं. परीक्षेला उलट्या उभ्या राहिलेल्या गाडीचं काय करायचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. गाडी बंद करून मामांनी दोन वायरींची अदलाबदल केली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. मामींनी गाडी सुरू केली. पंखा फिरायला लागताच गाडीने असा लांब श्वास आत ओढला की तरुणाने परत आणलेला अर्ज त्याच्या हातून सुटून थेट जाळीला चिकटला. साहेबांनी तो सोलून घेतला आणि म्हणाले, "बसा बाई. आता पुढे चालवा."

आणि इथे खरी पंचाईत झाली. मामींना पुढे चालवायची सवयच उरली नव्हती! मैदानात मांडलेल्या डब्यांच्या मधून गाडी मागे घ्यायला सांगितली तेव्हा सुईत दोरा ओवावा तशी त्यांनी ती घेतली. रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे जायला सांगितलं तेव्हा गाडी पुढे निघाली आणि मान सवयीने मागे वळली.

"बाई, पुढे! पुढे बघा!" साहेबांनी डॅशबोर्ड घट्ट धरला.

मामींनी मान पुढे आणली. समोर केवढा रस्ता दिसत होता, आणि तोही मान न वळवता. छताकडे बघत पडलेली बहीण त्यांना आठवली. त्यांनी चढावर गाडी थांबवली, पुन्हा उचलली, वळण घेतलं आणि खुणेच्या पट्टीवर आणून उभी केली. काटा मधोमध शांत बसलेला होता.

साहेब उतरले, केस बसवले आणि सही करता करता म्हणाले, "मागे इतकं सरळ जाणारं माणूस मी पाहिलेलं नाही. रस्त्यावर मात्र पुढेच बघाल ना?"

"बघेन साहेब. पुढेच काम आहे माझं."

लायसन्स हातात पडलं त्या सकाळी मामींनी मागच्या सीटवर दोन उशा आणि जुनी गोधडी टाकली. मामा दारात घुटमळत होते.

"मी येऊ का सोबत? वाटेत काही झालं तर..."

"काही व्हायला तुम्ही सोबत नसलात म्हणजे झालं," मामी म्हणाल्या. मग जरा नरमल्या. "पाय लांब करून झोपायचंय तिला. मागे जागा नाही, पुढे तिचं सामान ठेवायचंय. तुम्ही एक करा. मी तिला घेऊन येईपर्यंत स्वयंपाकघरातला पंखा फिरवून लावा. आजारी माणसाच्या उशीला कांद्याचा वास नको."

"तो पंखा? पण त्याची आता सवय झाली होती गं," मामा म्हणाले आणि स्टूल शोधायला आत गेले.

मामींनी गल्लीच्या टोकापर्यंत गाडी मागे नेली, जुन्या सवयीने. तिथे थांबल्या, आरशात केस नीट केले आणि पुलाच्या दिशेने सरळ निघाल्या.