एकोणीस दिवस बाकी होते

सिक्कीमच्या पोस्टिंगवर मी हवालदार होतो, युनिटच्या गाड्यांचा मेकॅनिक. गाव कुरुंदा. आमच्याकडे बावीस गाड्या होत्या. सकाळी सहाला फर्स्ट परेड व्हायची: इंजिन ऑइल, पाणी, टायरची हवा, ब्रेक, दिवे. एका गाडीला दहा मिनिटं. शनिवारी अर्धा दिवस मेंटेनन्स. कोणत्या गाडीचं काय कधी बदलायचं हे रजिस्टरमध्ये असे आणि खाली माझी सही असे.

लान्स नाईक प्रकाश खंदारे डोंगरकड्याचा. हिंगोली जिल्ह्यातले युनिटमध्ये आम्ही दोघंच. तो एक टनी गाडीवर रेशन घेऊन वरच्या चौकीवर जायचा. एरवी कमी बोलायचा, पण गाडीत जरा फरक पडला की येऊन सांगायचा.

एका बुधवारी, दुपारी चार चाळीसला, तो गाडी लावून वर्कशॉपमध्ये आला.

"दादा, लांब उतारावर पेडल मऊ पडून राहिलंय. जरा थांबलं की पुन्हा बराबर व्हतंय."

मी पाहिलं. गळती नव्हती. ब्रेक ऑइल थोडं कमी होतं, ते भरलं. सपाटीवर पेडल घट्ट लागलं. रजिस्टर काढलं. ब्रेक ऑइल बदलायला अजून एकोणीस दिवस बाकी होते. दोन गाड्या आधीच उघडून पडल्या होत्या, तिसरी थांबवली असती तर सकाळचं रेशन अडलं असतं.

"बदलूनच द्या न," तो म्हणाला.

मी म्हणालो, उद्याची फेरी मार, परवा करतो. तो "बरं" म्हणाला आणि गाडी धुवायला गेला.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. तिथं वर्षातले आठ महिने पाऊस आणि धुकं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल दाबलं तरी नुसतं खाली जातं, ब्रेक लागत नाही. हे मला माहीत होतं. मी ते नव्या ड्रायव्हरांना शिकवत होतो.

गुरुवारी साडेसातला दोन गाड्या वर गेल्या. रेशन उतरवून परत निघाल्या तेव्हा प्रकाशच्या गाडीत मागं सुट्टीवर जाणारे चार जवान होते. अकरा पंधराला मागच्या गाडीतून रेडिओवर निरोप आला.

"आगे वाली गाड़ी नहीं रुक रही. ओवर."

ड्यूटी ऑफिसरनं विचारलं, "गियर?"

"छोटे गियर में है. हैंडब्रेक भी खींचा है. ओवर."

मग काही वेळ नुसती खरखर. अकरा अठराला दुसरा निरोप आला. गाडी डोंगराला घासून थांबली होती. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला कडा. प्रकाशनं स्वतःची बाजू कड्यावर घातली. मागचे चौघं हातपाय मोडून वाचले. प्रकाश जागीच गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, मेंटेनन्स मुदतीत होता का? मी म्हणालो, होता. ड्रायव्हरनं तक्रार केली होती का, हे कुणी विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं नाही. निष्कर्ष निघाला, अचानक बिघाड, कुणाचा दोष नाही.

निवृत्तीनंतर कुरुंद्यात गॅरेज टाकलं. लोक विचारतात, गाडी किती दिवसांनी दाखवावी? मी सांगतो, पुस्तकात लिहिलेलं जास्तीत जास्त आहे. हळदीची पोती वाहणारी, चिखलात फिरणारी गाडी त्याच्या आधी आणा. ब्रेक ऑइल दोन वर्षांच्या वर ठेवू नका. आणि गाडी वेगळी लागली तर त्याच दिवशी उभी करा. हे का सांगतो, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

गॅरेज टाकल्याच्या तिसऱ्या वर्षी डोंगरकड्याला गेलो. प्रकाशची बायको संगीता अंगणवाडीत काम करते. दुपारी ती घरी आली तेव्हा ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं.

"गावात म्हणतेत, त्यायनं गाडी जोरात हाणली. मलेबी तसंच वाटलं. इतकी वर्सं मी त्यायच्यावर रागावून राहिले," ती म्हणाली. "तवाच काहून न्हाई सांगितलं, भाऊ?"

मी भ्यालो होतो, एवढंच म्हणालो.

तिनं सासऱ्यांना बाहेर बोलावलं आणि त्यांनाही सांगा म्हणाली. किसनराव, प्रकाशचे वडील, कानानं अधू. एकदा सांगून कळलं नाही. दुसऱ्यांदा मला ओरडून सांगावं लागलं. शेजारचे लोक दारात आले, गल्लीतून जाणारे थांबले. म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत होता.

"म्हंजे माह्या पोरानं आधी सांगितलं व्हतं?"

"व्हय," मी ओरडलो. "सांगितलं व्हतं. मीच ऐकलं न्हाई."

त्यांनी मान हलवली. मग गल्लीत उभ्या असलेल्या लोकांकडं वळून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "ऐकलं न तुमी?"