‘बो’ म्हणजे पाण्याखालचा खडक

मी अमेरिकन नौदलात आठ वर्षं काढली. मूळ नागपूरचा. आता मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करतो. इथल्या मराठी मंडळातली मुलं विचारतात, "काका, युद्ध पाहिलंत?" नाही पाहिलं. स्कॉटलंडजवळची हेब्रिडीज बेटं पाहिली.

आमचं डिस्ट्रॉयर तिथे एक्सरसाइजसाठी गेलं होतं. ०६०० ला, म्हणजे सकाळी सहाला, रिपोर्ट, चार तास वॉच म्हणजे पहारा, ड्रिल, जेवण, परत वॉच. बंकवर पडलो की पाच मिनिटांत उठून डेकवर यायचो. कशासाठी ते मलाही कळत नसे.

माझ्यासोबत वॉचवर पेटी ऑफिसर हुद्द्याचा टॉर्किल असे. जहाजावरची छोटी बोट तो चालवायचा. मिशिगनमधल्याच ट्रॉयमध्ये वाढलेला, पण त्याचे पणजोबा याच बेटांवरचे.

"ही बेटं तीन-चारशे वर्षं नॉर्स लोकांची होती," तो सांगायचा. "नॉर्वेचा राजा समुद्रापलीकडे, आणि राज्य इथे. मग लढाई झाली, तह झाला, बेटं स्कॉटलंडकडे गेली. लोकांना सांगितलं, राहायचं तर राहा, नाहीतर जा."

"मग?"

"बरेच राहिले. नावंही राहिली. माझं नावसुद्धा नॉर्सच आहे."

मी तेव्हा नुकताच अमेरिकन नागरिक झालो होतो. फोनवर सांगितलं तेव्हा आईने विचारलं होतं, "म्हणजे आता परत येणार नाहीस?" बेटांवरच्या त्या लोकांचा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

सातव्या दिवशी १३४० ला रेडिओवर एका मच्छीमार बोटीची मदतीची हाक आली. "मेडे, मेडे. इंजिन बंद. तिघं आहोत. ‘बो’कडे ओढले जातोय." पुढे खरखर.

समुद्राच्या चार्टवर ‘बो’ कुठेच नव्हतं. लेफ्टनंट वैतागले. "हे बो काय आहे?"

"सर, नॉर्स शब्द आहे," टॉर्किल म्हणाला. "पाण्याखालचा खडक. वर लाट फुटते." त्याने जवळच्या बेटाच्या दक्षिणेला एका बिननावाच्या खुणेवर बोट ठेवलं. "हाच असणार."

कॅप्टन म्हणाले, "बोट उतरवा."

टॉर्किल आणखी दोघांना घेऊन गेला. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षात, रेडिओ माझ्याकडे होता.

"ब्रिज, बोट वन. दिसले. ओव्हर."

"बोट वन, ब्रिज. स्थिती सांगा."

"दोघांना बोटीत घेतलं. तिसरा हाताशी आलाय."

मी उभ्या उभ्या पाय बदलत होतो. १४१२ ला टॉर्किल म्हणाला, "तिसराही घेतला. निघतोय." त्यानंतर काही आलं नाही. मी अकरा वेळा हाक मारली.

खडकावर फुटलेल्या लाटेने बोट उलटवली होती. किनाऱ्यावरून आलेल्या हेलिकॉप्टरने पाच जणांना उचललं. तिन्ही मच्छीमार वाचले. टॉर्किलचं डोकं खडकावर आपटलं होतं. त्याचा मृतदेह १६५५ ला सापडला.

सुट्टी मिळताच मी ट्रॉयला त्याच्या आईकडे गेलो. तिने मला बसवलं आणि विचारलं, "तो घाबरला होता का?"

"नाही. ‘तिसराही घेतला’ म्हणाला, तेव्हा आवाजात आनंद होता."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

अजून दर वर्षी जातो. चहा होतो, ती खुर्ची जवळ ओढते आणि ती वाक्यं माझ्याकडून म्हणवून घेते. मी म्हणतो.