मावशींची पकड

हातात काहीही आलं की मावशी आधी अंगठ्याने ते हलकेच दाबून बघायच्या. पपई, उशी, नातवाचा गाल, माझ्या टेबलावरचा स्टँपपॅड, काही म्हणजे काही सुटायचं नाही. दाबायचं, अंगठा उचलायचा, खळगा भरून येतो का ते बघायचं आणि निकाल द्यायचा. "ताजा हाय." नाहीतर, "शिला हाय, नको घेव."

पनवेलच्या मासळी बाजारात तुम्ही कधी गेला असाल, तर असा अंगठा तुम्हीही पाहिला असेल. मीही पाहिला होता. पण त्याचा अर्थ मला उशिरा कळला आणि तोवर या बाईचं ऑपरेशन मी जवळजवळ रद्द करून बसले होते.

उलव्यात तेव्हा नुकत्या इमारती उठायला लागल्या होत्या. मावशी तिथल्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातून पनवेलला मासळी विकायला यायच्या. वय पंचाहत्तरीचं, पित्ताशयात खडे. दर आठ-पंधरा दिवसांनी अशी कळ यायची की पाटी शेजारणीवर सोपवून घर गाठावं लागायचं. मुलगा म्हणत होता, बाजार बंद कर, घरी बस.

"घरी बसवलास तर खड्यांच्या आधी मीच मरंन," मावशी म्हणाल्या. त्यांना ऑपरेशन हवं होतं, बाजारासाठी.

मी नवीन पनवेलमधल्या एका छोट्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. म्हाताऱ्या माणसाला भूल देण्याआधी त्याच्या अंगात किती दम उरलाय ते मोजायचं काम माझ्याकडे. हाताची पकड, चालण्याचा वेग, खुर्चीतून उठणं. आकडे फार खाली आले की आमचे सर्जन ऑपरेशनला नकार द्यायचे. आणि मी भलतीच काटेकोर! आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य.

पकड मोजायचं यंत्र मावशींच्या हातात दिलं. "दाबा."

त्यांनी दाबलं. काटा सहावर.

"मावशी, जोरात!"

"दाबला ना गो. अजून किती दाबू? लगदा व्हईल त्याचा."

मग कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. एकेक पाऊल चाचपत, भिंतीच्या कडेकडेने मावशी निघाल्या. माझं घड्याळ पळत राहिलं. मी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'अतिशय अशक्त'.

सर्जन म्हणाले, ऑपरेशन झेपणार नाही, गोळ्या आणि पथ्य चालू ठेवा. मुलाचा जीव भांड्यात पडला. मावशींनी फाईल घेतली, तिच्यावर अंगठा दाबला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मंग मी शिली झाले म्हनाचा."

मला फार वाईट वाटलं. पण आकड्यापुढे माझा काय इलाज!

रविवारी बाजारात गेले, तर मावशी ओट्यावर हजर. तेवढ्यात खेकड्यांच्या पाटीतून एक भलीमोठी चिंबोरी निसटली. गिऱ्हाइकं किंचाळत मागे सरली. मावशींनी बसल्या जागेवरून हात टाकला, चिंबोरी मुठीत आवळली आणि दुसऱ्या हाताने तिच्या नांग्या सुतळीने करकचून बांधल्या.

"अहो मावशी! एवढा जोर? मग परवा काय झालं होतं?"

"चिंबोरीला जोर लावाचा गो. सैल धरली तर बोट न्हेल. मावरा कुनी आवळतं काय? फुटला तर गिऱ्हाईक गेला. तुजा मशीन तर पापलेटावानी गार गार होता!"

मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. साठ वर्षं मासळी जपून हाताळणाऱ्या बाईला मी गार धातू देऊन नुसतं 'दाबा' म्हटलं होतं. आणि ओल्या फरशीवर जन्म काढलेली ती बाई आमच्या नुकत्या पुसलेल्या लादीवरून धावत जाणार होती काय? अशक्त माझी अक्कल होती.

सोमवारी सर्जनच्या हातापाया पडून मी मावशींना परत बोलावलं. ते कुरकुरत आले. "माझ्यासमोर मोजायचं," म्हणाले.

"मावशी," मी यंत्र पुढे केलं, "ही चिंबोरी आहे. निसटतेय!"

मावशींनी ओठ आवळले. काटा बावीसवर! सर्जनना खरं वाटेना. त्यांनी आपली दोन बोटं पुढे केली. "ही धरून दाखवा." पुढच्या क्षणी साहेब "आई गं!" करून वाकले आणि सगळी ओपीडी हसली.

कोरड्या लादीवर मी ओरडले, "मावशी, उलव्याची बस सुटतेय!" मावशींनी पदर खोचला आणि अशा सुटल्या की घड्याळ दाबायला मलाच उशीर झाला. दुसऱ्यांदा पळवावं लागलं.

"लिव गो बाय, आता लिव!" दम खात त्या म्हणाल्या. मी जुना शेरा खोडला आणि नवा लिहिला.

ऑपरेशन बिनबोभाट पार पडलं. महिन्या-दीड महिन्यात मावशी ओट्यावर परतल्या आणि पुढे सात वर्षं तिथे बसल्या. आता त्या नाहीत. ओट्यावर सून बसते. मी मात्र अजून कुणाच्या हातात यंत्र देण्याआधी विचारते, "आजवर काम काय केलंत?"

शेवटचं भेटले ते त्यांच्या घरी. अंथरुणाला खिळल्या होत्या. या खेपेला खरोखरच अंगात काही उरलं नव्हतं, ते कळायला मला यंत्र लागलं नाही. मी हात हातात घेतला. त्यांनी डोळे उघडले, माझ्या मनगटावर अंगठा ठेवला, हलकेच दाबला, उचलला आणि खळगा भरून येईपर्यंत बघत राहिल्या.

"ताजी हायस गो," म्हणाल्या. "जा, कामाला लाग."