शिरेवरचे बोट

शस्त्रक्रियागृहातल्या गोष्टी धुऊन गुंडाळलेल्या पट्ट्यांसारख्या असतात. एकीचे टोक ओढावे तर तीन सुटतात. निजामी अंमल संपून नव्या राज्यांच्या सीमा आखल्या जाईपर्यंत मी आदिलाबादकडच्या एका दवाखान्यात धाकटा डॉक्टर होतो. रुग्णाच्या उशाशी उभे राहून भुलीसाठी ईथर देणे माझे काम. रक्तदाबाचा पट्टा परिचारिका गंगूबाईंकडे. एक दिवस माझी जागा त्यांना मिळेल, ही मला धास्ती. मला त्यांचा हेवा वाटे असे म्हणणे सौम्य होईल. मत्सर हाच नेमका शब्द.

•

मावला गावचा एक शेतकरी टेबलावर होता. बाईंनी पट्टा फुगवताच त्याच्या हातावरच्या शिरा टरारल्या.

"काऊन इतकं आवळून राह्यल्या बाई? बैल हाय का मी?"

"बैल असता तर गुमान उभा राह्यला असता!"

सगळे हसले. माझ्या विनोदांना कधी कोणी हसले नाही.

•

त्याला गुंगी आली. पुन्हा पट्टा फुगवला, पण शिरा लवकर भरेनात.

"पट्टा सैल आहे," मी म्हणालो.

बाईंचे बोट शिरेवरच होते. "पट्टा नाई साहेब, शिरा सैल हायेत. माणूस झोपला का त्याच्या शिरा बी झोपतात."

भुलीने शिरांच्या भिंती शिथिल होतात, त्यांत अधिक रक्त मावते, म्हणून पट्ट्याखालचा दाब सावकाश चढतो, असे मी विस्ताराने सांगितले.

मोठे डॉक्टर म्हणाले, "बाईंनी तेच सांगितलं. थोडक्यात!"

•

नेरडीगोंड्याचा एक रुग्ण ईथर हुंगून निपचित पडला. "झोपला," मी जाहीर केले. बाईंनी पट्टा फुगवून शीर चाचपली. "जागा हाय."

चादरीखालून आवाज आला, "बाई, तुमाले कसं कळलं?"

•

पुढे नव्या राज्यांत कर्मचाऱ्यांची वाटणी निघाली. मराठी मुलखात कोणाला धाडावे, याची यादी करणे माझ्याकडे आले. मी पहिले नाव गंगूबाईंचे घातले आणि कागद खणात ठेवला.

त्याच आठवड्यात माझे अपेंडिक्स सुजले आणि मीच टेबलावर आलो. ईथर बाईंनीच दिले.

शुद्धीवर येताच मी घाबरून विचारले, "गुंगीत मी काही बोललो का?"

"लई बोलले. पण तुमचं ते पुस्तकातलं मराठी! आमाले काई समजलं नाई."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंनी पट्ट्याची घडी घातली, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"फक्त गावाचं नाव सांगून ठेवा साहेब. सामान बांधाले बरं पडते."