कपॅसिटर

"ढकल तिला," सर म्हणाले.

प्रयोगशाळेच्या टेबलावर सिंगल फेज मोटर नुसती गुरगुरत होती. तिला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर सरांनी मुद्दाम काढून ठेवला होता. मी पुढे झाले. शाफ्टला, म्हणजे तिच्या फिरत्या दांड्याला, हातानं झटका दिला. मोटर पळायला लागली.

"बघा. आपणहून उठायची ताकदच नाही." सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्यासारखी. हिलाही आरक्षणाचा कपॅसिटर लागतो."

सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

तेव्हापासून माझं नाव कपॅसिटर पडलं. आधी मेसमध्ये, मग सरांच्या हजेरीत. मी निमूट "यस सर" म्हणायचे. फॉर्मवर त्यांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. आतून मात्र जळायचे.

आई शिर्डीत एका लॉजवर खोल्या झाडते. तिथं तिला 'ए बाई' म्हणतात, नावानं कुणी हाक मारत नाही. एकदा सुट्टी काढून ती नगरला मला भेटायला आली. गेटवर तिनं माझं नाव सांगितलं. पोरं म्हणाली, "कपॅसिटर का? ती बघा तिकडं."

आईचा चेहरा फुलला होता. "लई भारी नाव ठिवलंय गं तुला. मानाचं हाय का?"

"व्हय," मी म्हणाले. तिनं आणलेली भाकरी मी परत फडक्यात बांधून ठेवली.

ती गेल्यावर मी पुस्तक उघडलं. ती मोटर का अडते, ते पहिल्यांदा नीट वाचलं. तिच्यात दोन चुंबकीय क्षेत्रं फिरतात. एक पुढं, एक मागं. मोटर थांबलेली असते तेव्हा दोघांचा जोर सारखा, म्हणून ती जागची हलत नाही. म्हणजे ताकद होतीच की! तेवढ्याच ताकदीनं तिला मागं ओढलं जात होतं. माझं डोकं सणकलं.

दुसऱ्या दिवशी हजेरी सुरू झाली.

"कपॅसिटर."

मी वहीत तारीख लिहीत राहिले.

"कपॅसिटर! झोपलीस का?"

मी उभी राहिले. "सर, हजेरीत माझं नाव लिहिलंय. ते वाचा."

सरांनी पेन उचललं. "गैरहजर. सही विसर आता."

रात्री आईला फोनवर सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "तुजं नाव म्या ठिवलंय. दुसऱ्या कशाला ओ देऊ नगं."

आता मी रोज पहिल्या बाकावर बसते. रोज माझी गैरहजेरी लागते. प्राचार्यांकडे तक्रार दिलीय, उत्तर नाही. कदाचित वर्ष जाईल. पुस्तकात पुढं हेही होतं, की मोटर पळायला लागली तरी मागं ओढणारं क्षेत्र संपत नाही. नाही संपलं तर नाही. उद्याही मी त्याच बाकावर असेन, आणि माझ्या नावाशिवाय कशालाच ओ देणार नाही.