बाह्या कापल्यानंतर

मुकुटबनच्या स्टँडवर बस लागली तेव्हा माझी लेक आजीच्या कडेवर होती आणि माझ्याकडे बघायला तयार नव्हती. मी नवी पिशवी घेतली आणि तिच्यासाठी काहीच घेतलं नाही, एवढंच तिला कळलं होतं. माझ्या आईला आम्ही आमच्या बंजारा गोरबोलीत याडी म्हणतो. पण लेक अंगणवाडीत जाऊ लागल्यापासून याडी घरात मराठीच बोलते. खिडकीशी येऊन ती म्हणाली, "पोरीची काळजी नको करू, तुयी कर." तांड्यातल्या बायांनो, तुमच्यात चर्चा झाली की नवरा गेल्यावर ही पळाली. खरं आहे, पळालेच. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तो गेला, आणि त्या घरात माझा जीव गुदमरत होता.

पुण्यात हडपसरला एका पोळीभाजी केंद्रात काम लागलं. मालकीणबाई मनानं बऱ्या, तोंडानं तिखट. शेगडीजवळ साडी चालणार नाही, टी-शर्ट-पॅन्ट घालून या, काम बघते आणि मग ठेवायचं ठरवते, असं त्यांनी बजावलं. त्यांनी ठेवलं तर जूनमध्ये लेकीला आणून जवळच्या शाळेत घालायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. फुटपाथवरून काळा टी-शर्ट घेतला. तो कोणत्या पहिलवानासाठी शिवला होता देव जाणे. खांद्याची शिवण माझ्या दंडावर आणि बाही कोपराच्या खाली. दुसऱ्याच दिवशी पोळी शेकताना बाहीनं पेट घेतला. शेजारच्या बाईनं तांब्याभर पाणी ओतलं म्हणून वाचले. उद्या हा झगा घालून याल तर येऊच नका, असं मालकीणबाईंनी सांगितलं.

नवा घ्यायची सोय नव्हती. संध्याकाळी खोलीवर शेजारणीची कात्री मागून आणली आणि टी-शर्ट मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. बाही आखूड करून भागणार नव्हतं. खांदाच इतका उतरला होता की कापायचं तर पार खांद्यापासून, म्हणजे दोन्ही दंड उघडे. आमच्यात लग्न झालेल्या बाईच्या दंडावर खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या असतात. नव्या सुना आता रोज घालत नाहीत, पण याडीनं मला हौसेनं घालायला लावल्या होत्या. नवरा गेला की त्या उतरवतात. माझ्या उतरवल्या त्या दिवसापासून मी कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं घालत आले, कारण तांड्यात रिकामा दंड दिसला की काय झालं ते कोणाला सांगावं लागत नाही.

शेवटी कापला आणि कडा दुमडून शिवायला घेतल्या. पण हात आमच्या काचळीला, आरसे लावलेल्या चोळीला सरावलेला, जाड कापडावर दोरा करकचून ओढायचा. तसाच ओढला. हे पडलं होजिअरीचं कापड, ताणलं जाणारं. घालून हात वर केला आणि सगळी शिवण तटतट तुटली. काखेतला घेर तर इतका मोठा झाला होता की आतलं सगळं दिसत होतं. मी रडकुंडीला आले. मग कापलेल्या बाह्यांच्या पट्ट्या काढल्या, घेर आत घेतला, पट्टी दुमडून ढिल्या टाक्यानं शिवत गेले. डब्यात लाल दोरा होता, लालच लावला.

सकाळी तो घालून कामावर गेले. कोणी वर पाहिलंसुद्धा नाही. मालकीणबाई म्हणाल्या, हे बरं केलंत. इथं उघड्या दंडाला काही अर्थच नव्हता. मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून मोरीत जाऊन रडले. काम मात्र पक्कं झालं.

त्या रविवारी ते सांगायला व्हिडिओ कॉल केला, आणि आनंदात त्या टी-शर्टवर ओढणी घ्यायचं राहून गेलं. याडीनं पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "झाक थे हात. पोरीले आईचं असं दाखवतं का?" फोन बंद. त्यानंतर तिनं फोन उचलणंच सोडलं. इकडे मी शाळेत विचारून आले होते, खोलीत दुसरी गादी आणून ठेवली होती. जून जवळ येत होता आणि त्या दोन बाह्यांपायी मी लेक गमावली, हे मनातून जाईना.

मे महिन्यात सुट्टी घेऊन गेले. उन्हाचा जाळ होता तरी लांब बाह्यांचं पोलकं घातलं. लेक दारात उभी राहून आत ओरडली, "आई, पुण्याची आई आली!" आतली आई म्हणजे याडी. ती तुरीची डाळ निवडत बसली होती. मी समोर बसून विनवण्या केल्या. तिकडेही हात झाकीन म्हटलं, वाटलं तर काम बदलीन म्हटलं, पण लेक दे.

तिनं सुपातून मान वर केली नाही. "हात झाक नाही त उघडे ठेव, मले काय करायचं त्याचं? इले नेशीन त मी सकायी कोणासाठी उठू, थे सांग."

तिचेही दंड किती वर्षांपासून रिकामे आहेत, आणि मी तिची एकुलती एक. मी एकटीच परत आले. दुसरी गादी अजून सुतळीनं बांधलेलीच आहे.

माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्हाला घर कुठं म्हणून विचारलं तर तुम्ही गावाचं नाव घेत असाल. माझ्या तोंडून ते निघत नाही, आणि हडपसरही निघत नाही. लेकीला आणलं तर याडीचं घर मोडतं, नाही आणलं तर माझं होतच नाही. घर म्हणजे आता ती एवढीशी पोर, आणि ती आम्हा दोघींना पुरत नाही.